नारायणचा जोडीदार

सोलापूर,
१७ जून १९३४

तीर्थरूप मामंजी,

आपणा उभयतांना गोदावरीचा नमस्कार. नारायण काल माढ्याहून सुखरूप पोचला. स्टेशनवर मीच गेले होते. आपण त्याच्याबरोबर सांगून पाठवलंत त्याप्रमाणे त्याला माझ्या खोलीवर आणलं नाही, थेट वसतिगृहात पोचवलं. सासूबाईंनी दिलेल्या लाडवांचा डबा त्याने वाटेतच उघडला होता, त्यामुळे आल्याआल्या त्याला चार मित्र मिळाले.

हे पत्र वाचून आपण बाजूला ठेवाल, उत्तर देणार नाही, हे मला माहीत आहे. मी या हायस्कुलात नोकरी धरली तेव्हापासून वर्षभर आपण मला एक ओळही लिहिलेली नाही. आपला मुलगा गेला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. गावाने सांगितलं तसं करायचं आपण नाकारलंत, माझे केस राखलेत आणि मला स्वयंपाकघरातून उठवून पाटीपुढे बसवलंत. पुण्याला पाठवलंत. मी मुलींच्या शाळेत शिकवीन असं आपण धरून चालला होतात, आणि मी मुलांच्या शाळेत शास्त्र शिकवायला उभी राहिले. त्याचा राग असेल तर असू द्यावा. पण नातवाला, माझ्या पुतण्याला, आपण ह्याच शाळेत पाठवलंत, म्हणून निदान त्याच्या खुशालीसाठी तरी मला लिहिण्याचा हक्क आहे असं समजते.

शाळा त्याला आवडेल. सात रस्त्यावरून जाताना इमारत लांबून मोठी दिसते. आत शिरलं की कळतं ती खरं म्हणजे लहान पडते. हजेरी घेताना मास्तरांची जीभ वळत नाही, इतक्या तऱ्हेची नावं. विणकरांची मुलं आपसात तेलुगू बोलतात, व्यापाऱ्यांची कानडी, बेगमपेठेतली मुसलमान मुलं दखनी. मधल्या सुट्टीत भांडण झालं की मात्र सगळे मराठीत भांडतात, म्हणजे समोरच्याला लागेल. सांगोल्याकडचा एक मेंढपाळाचा मुलगा आहे, मायाप्पा. पहिल्या दिवशी त्याला वाचनालय दाखवलं तेव्हा कपाटांकडे बघून म्हणाला, "बाई, ही समदी वाचायची म्हंजी मानूस म्हातारं हुईल की!"

नारायण पाचव्या इयत्तेत आहे. काळजी नसावी.

आपली,
गोदावरी

*

सोलापूर,
१९ ऑगस्ट १९३४

तीर्थरूप मामंजी,

नमस्कार. नारायणची प्रकृती चांगली आहे. मलखांबावर चढताना गुडघा खरचटला होता, भरून आला. गणितात वर्गात पहिला आहे, इंग्रजी शुद्धलेखनात कच्चा.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे मी लिहिली नाही. पाचवीचा शास्त्राचा तास माझ्याकडे आहे. त्यामुळे नारायण रोज माझ्यासमोर असतो. वर्गात तो मला काकू म्हणत नाही, बाई म्हणतो, आणि म्हणताना कान लाल करून घेतो.

या पत्राचं खरं कारण वेगळं आहे. आमची प्रयोगशाळा उघडली! खोली होती, कपाटं होती, काचेची भांडी होती. पण सगळं कुलपात. मुलं फोडतील म्हणून मास्तरांनीच टेबलामागून प्रयोग करून दाखवायचा आणि मुलांनी लांबून बघायचा, अशी आजवरची रीत. मी हेडमास्तरांच्या मागे लागले. वेणीमाधवपंत सज्जन आहेत, पण कुठल्याही गोष्टीला "बघू" म्हणण्याची त्यांना सवय आहे. शेवटी कंटाळून त्यांनी किल्ली दिली.

सगळ्यांना पुरेल एवढं सामान नाही, म्हणून दोघांत एक टेबल असं केलं. जोड्या मी हजेरीच्या क्रमाने लावल्या. मुलांची शाळा असली तरी वर्गात तीन मुली आहेत. एक जोडी झाली आणि उरलेली माझ्या टेबलाशी. पहिल्या दिवशी प्राणवायू तयार केला. विझत आलेली काडी बरणीत घातली आणि ती भप्पकन पेटली, तेव्हा वर्ग चार भाषांत ओरडला. शेजारच्या वर्गातले संस्कृतचे शास्त्रीबुवा घाबरून दारात आले.

नारायणचा जोडीदार सिद्राम नावाचा मुलगा आहे. त्याची आई गिरणीत जाते. मुलगा शांत आहे, हात फार स्थिर. दोघांचं छान जमलं आहे.

सासूबाईंच्या खोकल्याचं कळवावं. निदान नारायणच्या पत्रात तरी लिहावं.

आपली,
गोदावरी

*

सोलापूर,
२३ सप्टेंबर १९३४

तीर्थरूप मामंजी,

आपण गेल्या मंगळवारी शाळेत आलात, हेडमास्तरांना भेटलात, वसतिगृहातून नारायणची वळकटी बांधून घेतलीत आणि दुपारच्या गाडीने त्याला घेऊन गेलात. मी तेव्हा वरच्या मजल्यावर तास घेत होते. मधे फक्त एक जिना होता.

आपण काय म्हणालात ते वेणीमाधवपंतांनी मला शब्दशः सांगितलं. "एका वर्गात बसण्याला माझी हरकत नाही. काळ बदलला, हे मलाही कळतं. पण एकाच फुंकनळीला दोघांनी तोंड लावायचं, आणि तेही त्या मुलाबरोबर? हे शिक्षण नव्हे." गणपतीला घरी आला तेव्हा नारायणनेच कौतुकाने सांगितलं असणार. ज्योत फुंकायच्या नळीला तो फार जपतो. त्याला वाटलं असेल आजोबा खूश होतील.

होय, सिद्राम अस्पृश्य समाजातला आहे. मी गेल्या पत्रात लिहिलं नाही, कारण त्याच्याबद्दल सांगण्यासारख्या इतर गोष्टी मला आधी सुचल्या. आणि खरं सांगायचं तर आपल्याला काय वाटेल याची भीतीही होती.

फुंकनळी प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यातून काढतो. हे मी कोणाच्याही जातीसाठी करत नाही, सर्दी-खोकल्यासाठी करते. पण आपला प्रश्न पाण्याने धुऊन सुटणारा नाही, हे मला समजतं.

वेणीमाधवपंत म्हणाले, "बाई, जोडी बदला. एवढंच करा. मुलगा सोमवारी परत येईल, आजोबांनी तसा शब्द दिला आहे."

मामंजी, मी रात्रभर विचार केला असं लिहिलं असतं तर आपल्याला बरं वाटलं असतं. मी तिथेच, उभ्या उभ्या नाही म्हणाले. नारायण मला किती जवळचा आहे हे आपण जाणता. माझ्या मांडीवर त्याने अक्षरं गिरवली आहेत. पण त्याला परत आणण्यासाठी सिद्रामला उठवलं असतं, तर उद्या नारायणला मी काय शिकवलं असतं?

आपल्यामागून आणखी पालकांनी अर्ज केला. पहिली सही चन्नप्पा शेटजींची आहे, कापडाचे मोठे व्यापारी. काही मुलं येईनाशी झाली. प्रयोगशाळेला पुन्हा कुलूप लागलं आहे, पालकांची सभा होईपर्यंत.

सिद्राम काल तास संपल्यावर थांबला. म्हणाला, "बाई, मी मागं बसून बघतो की. मला चालंल."

मी म्हटलं, "मला नाही चालणार."

त्याने दप्तर उचललं. मग विचारलं, "नारायण आजारी हाय व्हय?"

मी त्याला खरं सांगू शकले नाही. "घरी गेलाय," एवढंच म्हणाले.

गोदावरी

*

सोलापूर,
२१ ऑक्टोबर १९३४

तीर्थरूप मामंजी,

नमस्कार. सभा झाली. बाहेरून कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच लिहिते.

सभेच्या आदल्या संध्याकाळी सिद्रामची आई गोजरबाई माझ्या खोलीवर आली. गिरणीतून तशीच आलेली, डोक्यावर कापसाचे तंतू. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

"बाई, तुमी चांगलं करताय, म्हाईत हाय मला. पर भांडान नगं. तुमची नोकरी जाईल आन माझ्या पोराचं नाव बी. मागं बशीवलं तरी शिकंल की त्यो."

"शिकेल," मी म्हटलं. "पण हात लावल्याशिवाय हे शास्त्र येत नाही. दुसऱ्याने केलेला प्रयोग बघून तो पास होईल, पण पुढे जाणार नाही. तुम्हाला तो पुढे जायला हवाय ना?"

तिने पदराने डोक्यावरचे तंतू झटकले. मग आत आली, चटईवर बसली. "मग मी बी येते सभंला," म्हणाली.

सभेला शाळेचा दिवाणखाना भरला होता. पगड्या, रुमाल, टोप्या, आणि दारापाशी भिंतीला टेकून गोजरबाई. वेणीमाधवपंत पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते. चन्नप्पा शेटजी बोलायला उठले. वाईट माणूस नाही तो, आवाजही चढवला नाही. त्यांचं म्हणणं आपल्यासारखंच: वाचन-लेखन सगळ्यांचं एकत्र होऊ द्या, पण तोंडाला लागणाऱ्या वस्तू वेगळ्या ठेवा. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

मी म्हटलं, "शेटजी, आपला शिवलिंग बाहेर उभा आहे. त्याला एकदा विचाराल का?"

त्यांना ते अनपेक्षित होतं. पण मुलाला बोलावलं आणि कानडीत विचारलं, त्या खोलीत तुला जायचंय का.

"हौदु, अप्पा," मुलगा होकार देत म्हणाला. एवढंच. मग बापाचा चेहरा बघून मराठीत पुढे बोलला, कदाचित आम्हाला कळावं म्हणून. "अप्पा, सिद्राम फुंकतो तेव्हा ज्योत हलतसुद्धा नाही. आमची सगळ्यांची विझते. तो गेला तर आम्हाला कोण शिकवणार?"

लोक हसले. त्या हसण्यात गोजरबाईचा आवाज आला. तिला बोलायचं नव्हतं, सुटून गेलं तोंडातून. "त्येचा दम लांब हाय. मला येरवाळीच गिरनीला जायचं असतंया, तवा रोज चूल त्योच फुंकतो."

पुन्हा कोणी हसलं नाही. चन्नप्पांनी तिच्याकडे वळून बघितलं. इतका वेळ दारापाशी कोण बसलंय हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. "किती वाजता जाता?" त्यांनी विचारलं.

"भोंग्याच्या आदी," ती म्हणाली.

शेटजी बसले. बसल्या बसल्या म्हणाले, "माझा मुलगा येईल. बाकीच्यांचं बाकीच्यांनी बघावं."

मग वेणीमाधवपंत उठले. मी त्यांच्या "बघू"ची वाट पाहत होते. ते म्हणाले, "जोड्या बाई लावतात. त्या बदलणार नाहीत. ज्यांना मान्य नसेल त्यांनी दाखला मागावा, मी तो देईन." मधे एकदाही चष्मा न पुसता त्यांनी वाक्य पुरं केलं. आणखी थोड्याच वर्षांनी ते निवृत्त होतील. आजवर कोणाला दुखवलं नव्हतं.

दोन घरांनी दाखले घेतले. त्याचं मला दुःख आहे, ती मुलं चांगली होती. बाकीची हळूहळू परत आली.

प्रयोगशाळा उघडली त्या दिवशी सिद्राम टेबलाशी एकटाच उभा होता. मायाप्पाचा जोडीदार दाखला घेऊन गेलेला. मायाप्पा आपली पाटी उचलून सिद्रामकडे गेला. "त्यो एकला का? मी बसतो की तितं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नारायण आला म्हंजी तिघं बसू. टेबल लई लांब हाय."

त्या मुलाने "आला तर" म्हटलं नाही. "आला म्हंजी" म्हटलं. मीही तसंच धरून चालले आहे.

आपली,
गोदावरी

*

सोलापूर,
८ जानेवारी १९३५

तीर्थरूप मामंजी,

तार केलीच आहे, तरी हे पत्रही रात्रीच्या टपालात टाकते. नारायण माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. काळजी करू नये. सकाळी कोणाला न सांगता माढ्याच्या स्टेशनवर जाऊन गाडीत बसला, इथे उतरून चालत शाळेत आला. मी बोलावलं नाही, मला माहीतही नव्हतं. आपण विश्वास ठेवाल अशी आशा करते.

तो आल्याचा मला आनंद झाला, आणि असा आल्याचा संताप. दोन्ही त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला परत पाठवलंस तर मी पुन्हा येईन."

मी म्हटलं, "पाठवणार नाही. पोचवणार आहे. आणि पुन्हा यायचं तर आजोबांना सांगून यायचं."

उद्या त्याला घेऊन मी माढ्याला येते. आपण दार उघडलं नाहीत तर ओसरीवर बसेन.

गोदावरी

*

सोलापूर,
३ फेब्रुवारी १९३५

तीर्थरूप मामंजी,

नमस्कार. आपलं कार्ड काल पोचलं. त्याविषयी शेवटी लिहिते. आधी जे समोरासमोर सांगता आलं नाही ते सांगू द्या.

माढ्याला आपण दार उघडलंत, पण माझ्याशी बोलला नाहीत. नारायणला जवळ घेतलंत आणि माझ्याकडे पाठ करून मागच्या दारी निघून गेलात. मी स्वयंपाकघरात सासूबाईंना भाकरी थापू लागले. आपण ऐकलं नसेल, म्हणून त्या काय म्हणाल्या ते सांगते.

"तुझं पत्र आलं की हे मला वाचून दाखवतात. मग तुला खोकल्यात नीट ऐकू आलं नसेल असं म्हणत पुन्हा वाचतात. उत्तर लिहा म्हटलं की उठून जातात. दीड वर्ष हेच चाललंय, बाई."

मला तेव्हा रडू आलं. भाकरी करपली. सासूबाई म्हणाल्या, "रडतेस काय, तवा बघ." जेवताना ती करपलेली भाकरी आपण न बोलता खाल्लीत.

हात धुताना आपण नारायणला म्हणालात, मी ऐकेन अशा बेताने, "मी एकदा येऊन बघीन. मग ठरवीन." आणि आपण खरंच आलात, नारायणला घेऊन.

त्या दिवशी मॅग्नेशियमचा प्रयोग होता, हे योजून केलेलं नव्हतं. मागच्या भिंतीशी आपल्यासाठी स्टूल ठेवलं. आपण उपरणं सावरून, हात मांडीवर ठेवून बसलात, आणि माझ्या हातातला खडू दोनदा तुटला. इन्स्पेक्टरसाहेब आले होते तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते.

नारायण, सिद्राम आणि मायाप्पा खिडकीजवळच्या टेबलाशी होते. मॅग्नेशियमची फीत मुशीत घालून त्यांनी वजन केलं, तापवली, निवू दिली, पुन्हा वजन केलं, ते आधीपेक्षा जास्त भरलं. मी दुसऱ्या टोकाला होते. वळून बघते तो आपलं स्टूल रिकामं. आपण त्यांच्या टेबलाशी उभे होतात, चष्मा कपाळावर, तराजूवर वाकलेले.

"चुकलंय," आपण म्हणालात. "पुन्हा करा."

नारायण घाबरून माझ्याकडे बघू लागला. सिद्रामनेच उत्तर दिलं. "न्हाय आजोबा. तिनदा केलंय."

वर्ग थांबला. आपल्याला आजोबा म्हणायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. नारायण म्हणतो म्हणून तोही म्हणाला.  आपण त्याच्याकडे बघितलंत. पहिल्यांदाच, असं मला वाटलं.

"चौथ्यांदा कर," आपण म्हणालात. "मी बघतो."

त्याने केलं. त्याचा हात स्थिर होता. काटा तिथेच थांबला. आपण बराच वेळ त्या काट्याकडे बघत होतात. मग घंटा झाली, मुलं बाहेर गेली, आणि आपण मला काही न बोलता जिना उतरलात. नंतर वेणीमाधवपंतांनी सांगितलं, आपण जाता जाता एवढंच म्हणालात, "नारायणचं नाव पुन्हा चढवा."

नारायण पुन्हा वसतिगृहात रुळला आहे. चार महिन्यांचा बुडालेला अभ्यास सिद्राम त्याच्याकडून करून घेतो. त्या बदल्यात नारायण त्याला गणित समजावतो. इंग्रजी शुद्धलेखन दोघांचंही कच्चं, तिथे कोणी कोणाला मदत करत नाही. मुलींच्या जोडीने परवा शिवलिंगच्या आधी प्रयोग संपवला, त्यामुळे तो खट्टू आहे. जूनपासून आणखी चार मुली नाव घालणार आहेत. वेणीमाधवपंतांनी दुसऱ्या तराजूची मागणी वर पाठवली. "बघू" न म्हणता.

आता आपल्या कार्डाविषयी. पत्त्यावर आपण माझं नाव लिहून पुढे "शास्त्रशिक्षिका" असं लिहिलंत. शिपायाने ते शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर दिलं. मी ते घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि दार लावून वाचलं. खुशाली नाही, आशीर्वाद नाही, एकच प्रश्न: "जन्मभर चुलीत बघतो आहे, जळून उरते ती राख लाकडापेक्षा हलकी. तुमच्या मुशीतली जड कशी झाली? चार दिवस विचार करतो आहे."

मी आपल्याला विचारलेल्या कितीतरी प्रश्नांना लहानपणी आपण हेच सांगत होतात, की आधी स्वतः बघ. तेव्हा मला राग यायचा. या प्रश्नाचं उत्तर मला लिहिता येईल, पण मी लिहिणार नाही.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळा मोकळी असते. सकाळच्या गाडीने यावं, सासूबाईंनाही आणावं. जेवण माझ्या खोलीवर करू. मग आपण स्वतः तापवा, स्वतः वजन करा. मी स्टुलावर बसून बघेन.

आपली,
गोदावरी